डबा उघडा, गेम बनवा!

मुलांच्या हातातला मोबाइल काढून घेणं अवघड. पण त्याच हातात वायर, बटणं आणि एक बझर दिला तर? हजार रुपयांच्या आत, शनिवारच्या दोन-दोन तासांत बनणाऱ्या इलेक्ट्रॉनिक गेम्सची ही कहाणी... आणि त्यातून मुलं नेमकं काय शिकतात, त्याचा हिशेबही!

बुक क्रिकेट आठवतंय? शेवटचा बाक, कंटाळवाणा तास आणि इतिहासाचं पुस्तक. डोळे मिटून पान उघडायचं, डावीकडच्या पानाच्या नंबरातला शेवटचा आकडा म्हणजे रन. शून्य आलं की आऊट! आठ आले तर आठ रन धरायच्या की एकच, यावर शाळेगणिक वेगळा कायदा. स्कोअरबोर्ड वहीच्या मागच्या पानावर आणि भांडण झालंच तर थर्ड अंपायरही आपणच. फुकटातला गेम, पण सगळा आपला.

आता आजच्या पोरांचं बघा. गेम तयार मिळतो, नियम दुसऱ्याचे. हरलास तर जाहिरात बघ, लवकर जिंकायचं असेल तर पैसे भर. गेम आवडला नाही तर तो बदलायची सोय नाही, दुसरा डाउनलोड करायचा. आणि आपण वर कौतुकाने सांगतो, ‘आमच्या बाळ्याला मोबाइलमधलं सगळं कळतं हं!’ खरं सांगायचं तर कळत काही नाही, वापरता येतं. रिक्षात बसणं आणि रिक्षा दुरुस्त करणं यात जेवढा फरक आहे ना, तेवढाच इथेही आहे.

मी स्वतः सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेल्या गोष्टी कुठे मोडतात, हे शोधायचा मला पगार मिळतो. गेलं वर्षभर दर शनिवारी सकाळी दहा ते बारा, पुण्यातल्या आमच्या सोसायटीच्या क्लब हाऊसमध्ये आम्ही चौघं मित्र-मैत्रिणी मुलांबरोबर इलेक्ट्रॉनिक गेम बनवतो. क्लास नाही, फी नाही, सर्टिफिकेट तर नाहीच नाही. आठ मुलं, चार जोड्या, एक जुना डेस्कटॉप आणि फराळाच्या डब्यात भरलेले सुटे पार्ट. बस्स, एवढाच पसारा.

आधी हँगर, मग हार्डवेअर

पहिल्या दिवशी मुलांपुढे कम्प्युटर ठेवायचा नाही, हा आमचा पहिला नियम. पहिला गेम बनतो ड्रायक्लीनिंगवाल्याकडून आलेल्या तारेच्या हँगरचा. हँगर सरळ करायचा, त्याला सापासारखी वळणं द्यायची. दुसऱ्या तारेचं एक छोटं कडं करून त्यात ओवायचं आणि मग हँगरची दोन्ही टोकं बुटांच्या खोक्यात खोचायची. नऊ व्होल्टची एक बॅटरी, एक बझर. बॅटरीचं एक टोक हँगरला, दुसरं बझरमधून कड्याला. आता कडं या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायचं, तारेला जराही न टेकवता. हात थरथरला, कडं टेकलं की सर्किट पूर्ण आणि बझर जो बोंबलतो... विचारू नका! फनफेअरमध्ये आपण सगळ्यांनी पैसे मोजून खेळलेला हा खेळ. मुलांचा मात्र शे-दीडशे रुपयांत तयार होतो.

आता खरी गंमत ऐका. पहिल्या शनिवारी चारपैकी तीन खोकी वाजलीच नाहीत. वायर जोडलेली, बॅटरी नवी, बझर ठीक. तरी ढिम्म! एक मुलगा म्हणाला, ‘ताई, किट खराब आहे, रिटर्न करू.’ सहावीतला माझा भाचा तर, ‘मला नाही जमत मावशी,’ म्हणून खुर्ची मागे सारून मोकळा.

आमच्याकडे सातवीतली एक मुलगी येते. तिचे बाबा सोसायटीतली वायरिंगची कामं करतात, आमच्या ग्रुपला मल्टिमीटर त्यांनीच दिला. तिने खोक्यावर वाकून बघितलं आणि म्हणाली, ‘ताई, वायर सोलल्याशिवाय करंट जाणार कसा?’ बरोबर! हँगरला गंज लागू नये म्हणून त्यावर पातळ लेप असतो आणि तो वीज अडवतो. मग पॉलिश पेपर आला, घासाघीस झाली, मल्टिमीटरची टोकं लावून ‘टीं’ आवाज येतो का ते बघून झालं. दहा मिनिटांत चारही खोकी केकाटायला लागली. ऑनलाइन कोडिंगचे धडे गिरवलेली पोरं त्या दिवशी तिच्याकडून पॉलिश पेपर कसा धरायचा ते शिकत होती.

भाच्याची खुर्ची पुन्हा पुढे आली होती, हे मी फक्त नोंदवून ठेवते.

सायमन म्हणतो...

तिसऱ्या-चौथ्या शनिवारी येतो मोठा गेम. चार रंगांचे चार लाइट, चार बटणं, एक बझर. मशीन एक लाइट लावतं, तुम्ही तेच बटण दाबायचं. मग दोन लाइट, मग तीन, मग चार... क्रम चुकला की खेळ खल्लास. सोपा वाटतो ना? सातव्या-आठव्या लाइटला भल्याभल्या मॅनेजरांची विकेट पडते, आम्ही बघितलंय!

या गेमला इतिहास आहे. १९७८ मध्ये मिल्टन ब्रॅडली या अमेरिकन कंपनीने तो ‘सायमन’ नावाने बाजारात आणला. नाव आलं ‘सायमन सेज’ या मुलांच्या खेळावरून, म्हणजे आपला ‘शिवाजी म्हणतो’! बनवणारे होते राल्फ बेअर आणि हॉवर्ड मॉरिसन. हे बेअर म्हणजे टीव्हीला जोडून खेळायच्या व्हिडिओ गेमचे जनक. १९७२ मध्ये आलेला ‘मॅग्नावॉक्स ओडिसी’ हा घरगुती व्हिडिओ गेम त्यांच्याच कामातून उभा राहिला. सायमनची कल्पनाही हवेतून पडलेली नाही. अटारी कंपनीच्या ‘टच मी’ या १९७४ च्या मशीनमध्ये हाच खेळ होता, पण त्याचे आवाज कर्कश होते. बेअर यांनी काय केलं? बिगुलाचे चार सूर निवडले. ते कुठल्याही क्रमाने वाजले तरी कानाला गोडच लागतात. म्हणजे बघा, दुसऱ्याच्या गेममध्ये नेमकं काय खटकतंय ते ओळखलं, तेवढंच बदललं आणि गेम हिट!

मुलांना हा किस्सा सांगितला की त्यांचे डोळे चमकतात. ‘म्हणजे कॉपी केलं तरी चालतं?’ चालतं, पण आधी दोष सापडला पाहिजे, असं आमचं उत्तर.

आमच्या सायमनचा मेंदू म्हणजे ‘आर्डुइनो’ नावाचा छोटा बोर्ड. २००५ मध्ये इटलीतल्या इव्रेआ या गावात, डिझाइनच्या विद्यार्थ्यांना स्वस्तात आणि सोपेपणाने इलेक्ट्रॉनिक्स करता यावं म्हणून तो जन्माला आला. नाव कुठून? गावातल्या एका बारवरून! त्याचं डिझाइन सगळ्यांसाठी खुलं आहे. त्यामुळे त्याच डिझाइनचे इतर कंपन्यांचे बोर्ड तपकीर गल्लीच्या आसपास किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला मूळ बोर्डापेक्षा बऱ्याच कमी पैशांत मिळतात.

आणि हो, प्रत्येक जोडीला एक एलईडी जाळायची परवानगी आहे. दोन-तीन रुपयांची तर गोष्ट! वर उलटा ग्लास ठेवायचा आणि लाल एलईडी थेट पाच व्होल्टला जोडायचा. एकदम झगमगाट आणि मग कायमची शांतता. आता त्याच जागी २२० ओहमचा रेझिस्टर लावायचा. पाचातले दोन व्होल्ट एलईडीने खाल्ले, उरले तीन. तीन भागिले २२०, म्हणजे साधारण १४ मिलिअँपिअर. एलईडी सुखात! ओहमचा नियम शाळेच्या पुस्तकात भेटतो तेव्हा पाठ करावा लागतो. इथे तो मेलेल्या एलईडीसकट लक्षात राहतो.

‘ताई, हा चीटिंग करतो!’

जोडणी झाली, प्रोग्रॅम टाकला, गेम सुरू. आणि मग सुरू होते तक्रारींची रांग. माझ्या मते सगळं शिक्षण या रांगेत आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

तक्रार नंबर एक : ‘मी बटण दाबलंच नाही, तरी हा म्हणतो दाबलं!’ या छोट्या बटणाला चार पाय असतात आणि ते आतून दोन-दोनच्या जोडीने जोडलेले असतात. बटण बोर्डवर नव्वद अंशांत फिरवून बसवलं, की आधीपासून जोडलेले दोन पायच सर्किटमध्ये येतात. मग कम्प्युटरला वाटतं, कुणीतरी बोट ठेवूनच बसलंय. बटण उपटा, फिरवा, पुन्हा बसवा. खलास!

तक्रार नंबर दोन : ‘मी एकदाच दाबलं, हा दोनदा धरतो!’ ही जरा चावट केस. बटण दाबलं की आतली धातूची पट्टी टेकते, पण टेकल्यावर ती काही मिलिसेकंद थरथरते, फरशीवर टाकलेल्या चेंडूसारखी. आपल्याला ते जाणवतही नाही. पण आर्डुइनो उनोचं घड्याळ सेकंदाला १ कोटी ६० लाख ठोके मारतं. त्याला प्रत्येक टप्पा वेगळा दिसतो आणि एका दाबाचे दोन-तीन दाब मोजले जातात. उपाय? पहिला दाब कळला की पन्नासेक मिलिसेकंद डोळे मिटून घे, असं प्रोग्रॅममध्ये सांगायचं. एक ओळ वाढवली की भांडण मिटतं. ऑफिसच्या लिफ्टचं बटण पाच-पाचदा दाबणाऱ्यांनी याचा जरूर विचार करावा!

तक्रार नंबर तीन मात्र तक्रार म्हणून आलीच नाही. एका जोडीतला मुलगा अचानक जिंकायलाच लागला. पंधरा लाइट, वीस लाइट, चूकच नाही! बाकीचे थक्क. पण त्याच्या जोडीदारणीला, म्हणजे आपल्या त्या सातवीतल्या मुलीला, काही ते पटेना. तिने वही काढली, मशीन बंद करून चालू केलं आणि आलेले रंग लिहून घेतले. पुन्हा बंद, पुन्हा चालू. चार वेळा तेच! ‘ताई, हा दर वेळी तेच विचारतो. याने पाठ केलंय.’

मी ती ओळ मुद्दामच प्रोग्रॅममध्ये घातली नव्हती. कुणाच्या लक्षात येतं, हे मला बघायचं होतं. तिसऱ्या आठवड्यात आलं.

कम्प्युटरला खरंखुरं ‘काहीही’ निवडता येत नाही. त्याच्याकडे गणिताने बनवलेली आकड्यांची एक भलीमोठी यादी असते, आणि सांगितलं नाही तर दर वेळी ती पहिल्यापासून सुरू होते. मुलांना हे कसं समजवायचं? इथे धावून आलं आपलं बुक क्रिकेट! पुस्तक जाडजूड आहे, आकडेही मस्त विखुरलेले आहेत, पण हा गडी दर मॅचला पहिलंच पान उघडतो. मग रन पाठ होणारच की! प्रश्न एवढाच, की कुठलं पान उघडायचं हे त्याला सांगायचं कसं?

रूढ युक्ती अशी, की बोर्डाच्या एका रिकाम्या पिनवर काय व्होल्टेज दिसतं ते वाचायचं. तिथे काहीच जोडलेलं नसल्यामुळे आजूबाजूचा विजेचा गोंगाट उचलला जातो आणि आकडा डळमळता येतो. पण मुलांनी स्वतःची युक्ती काढली. गेम चालू झाल्यापासून खेळणाऱ्याने पहिलं बटण दाबेपर्यंत किती वेळ गेला, तो मोजायचा, तोही सेकंदाच्या लाखाव्या-दहा लाखाव्या भागात. तेवढं अचूक कुणालाही ठरवून दाबता येत नाही. तो आकडा म्हणजे पानाचा नंबर! ही युक्ती व्यावसायिक प्रोग्रॅमरही वापरतात, हे त्यांना नंतर कळलं तेव्हा क्लब हाऊसमध्ये जो काही कल्ला झाला, त्याबद्दल शेजारच्या विंगची माफी.

कीबोर्ड कुणाच्या हातात?

जोडीने काम म्हटलं की एक गोष्ट हमखास होते. आपोआप एक जण कीबोर्डवर बसतो आणि दुसरी खोक्याला चमकी चिकटवते. कोण कुठे बसतं, ते सांगायला नको. आम्ही साधा उपाय केला. दर पंधरा मिनिटांनी शिट्टी आणि जागा बदल. ज्याच्या हातात कीबोर्ड त्याने बोलायचं नाही, बाजूच्याने सांगायचं आणि याने टाइप करायचं. सुरुवातीला मुलगे वैतागले, मुली लाजल्या. महिन्याभरात शिट्टीची आठवण मुलंच करून द्यायला लागली.

पण सगळं शिट्टीने सुटत नाही. तयार झालेला सायमन सगळ्यांनी घरी नेला. त्याला खेळायला कम्प्युटर लागत नाही, बॅटरी पुरते. बदलायला मात्र लागतो. बाकीच्या मुलांनी घरी जाऊन बाबांच्या लॅपटॉपवर स्पीड वाढवला, सूर बदलले. तिच्या घरी लॅपटॉप नव्हता. ती आठवडाभर बदल वहीत लिहून ठेवायची आणि शनिवारी दहाच्या ठोक्याला क्लब हाऊसच्या दारात हजर असायची. एका शनिवारी वहीत लिहिलेलं होतं, ‘चुकलं तर आवाज नको. आजी झोपलेली असते.’

घर एका खोलीचं. बझर वाजला की आजी दचकून उठायची, म्हणून रात्री गेम बंद. तिने ठरवलं, चालू करताना लाल बटण दाबून धरलं तर सगळा गेम मुका चालायला हवा. प्रोग्रॅमचे ते पाच-सहा बदल तिने कागदावर आधीच बरोबर लिहिले होते, टाइप करायला वीस मिनिटं लागली. आमच्या ऑफिसात युझरची गरज समजून घ्यायला दोन दिवसांच्या वर्कशॉप होतात, लंच बॉक्ससकट!

त्या दिवसानंतर आमच्यातल्या एका मित्राने घरी कपाटात पडून असलेला आपला जुना लॅपटॉप साफ करून तिला दिला. बॅटरी गेलेली, प्लगवरच चालतो. तिला तेवढा पुरतो.

जगभर हाच खेळ

‘हे काय नवीन खूळ?’ असं वाटत असेल तर थांबा. खूळ बरंच जुनं आहे.

१९६७ मध्ये सीमोर पेपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खास मुलांसाठी ‘लोगो’ ही कम्प्युटरची भाषा बनवली. पेपर्ट मूळचे दक्षिण आफ्रिकेचे. जिनिव्हात बालमानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांच्याबरोबर काम करून ते एमआयटीत आले. कम्प्युटरने मुलाला शिकवण्यापेक्षा मुलाने कम्प्युटरला शिकवावं, हा त्यांचा फंडा. ‘हार्ड फन’ हा शब्द त्यांनी रूढ केला. अवघड आहे म्हणूनच मजा! त्यांच्या ‘माइंडस्टॉर्म्स’ या १९८० च्या पुस्तकाचं नाव लेगोने १९९८ मध्ये आपल्या रोबो किटला दिलं. ते किट २०२२ अखेर बंद झालं, पण कल्पना टिकून आहे. पेपर्ट यांच्याच परंपरेतल्या मिचेल रेझनिक यांच्या गटाने २००७ मध्ये ‘स्क्रॅच’ आणलं. त्यात ओळी टाइप करायच्या नाहीत, रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवायचे आणि गेम तयार!

२०१६ मध्ये ब्रिटनमध्ये बीबीसीने पुढाकार घेऊन अकरा-बारा वर्षांच्या सुमारे दहा लाख मुलांना ‘मायक्रोबिट’ हा खिशात मावणारा बोर्ड फुकट वाटला. २५ छोटे लाइट, दोन बटणं, हलवलं तर कळणारा सेन्सर. म्हणजे छोटासा गेमच की!

आणि आपल्याकडे? २०१६ मध्ये सुरू झालेल्या अटल इनोव्हेशन मिशनमधून देशभरातल्या दहा हजारांहून जास्त शाळांमध्ये सहावी ते बारावीच्या मुलांसाठी ‘अटल टिंकरिंग लॅब’ उभ्या राहिल्या. एका लॅबला २० लाखांपर्यंत अनुदान. सरकारी शाळांमध्ये पाच वर्षांत आणखी ५० हजार लॅबची घोषणा २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात झाली. पण पुण्याला त्याच्याही आधीचा वारसा आहे. शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करत शिकायचं, हे तिथलं सूत्र. एमआयटीच्या फॅब लॅब चळवळीतली अमेरिकेबाहेरची अगदी सुरुवातीची एक लॅब २००२ मध्ये याच गावात आली. आणि आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांनी वर्षानुवर्षं काडेपेट्या, स्ट्रॉ आणि सायकलच्या ट्यूबमधून विज्ञान काढून दाखवलं. आमचा हँगर त्याच कुळातला.

रेडिमेड किट की सुटे पार्ट?

आता तुमचे प्रश्न. आई-बाबांकडून, ताई-भाऊजींकडून आम्हाला हमखास येणारे.

महागडं किट आणू का? आणा, हरकत नाही. पण एक बघा. काही किटमध्ये सगळे पार्ट एकाच पद्धतीने खटाखट बसतात, चूक व्हायला जागाच नसते. अर्ध्या तासात गेम तयार, फोटो स्टेटसला, आणि किट माळ्यावर. ज्या किटमध्ये बटण चुकीचं बसू शकतं, ते घ्या. सुटे पार्ट तर सगळ्यात उत्तम.

मला स्वतःला काही येत नाही, मग? उलट झकास! ‘मलाही माहीत नाही, चल बघू’ हे वाक्य मुलांना फार आवडतं. एकच पथ्य पाळा. वायर त्यांच्या हातून ओढून घेऊ नका. दुरुस्त करून देण्याआधी एवढंच विचारा, ‘तुला काय व्हायला हवं होतं आणि काय झालं?’ आमच्या टेस्टिंगच्या धंद्यात याच प्रश्नावर सगळं चालतं.

मार्क वाढतील? असं वचन मी देणार नाही. आठातला एक मुलगा दुसऱ्याच महिन्यात कंटाळला आणि खाली क्रिकेट खेळायला गेला. त्याचंही बरोबरच आहे.

मोबाइल सुटेल? माझ्या भाच्याचा तरी सुटलेला नाही. तो अजून गेम खेळतो आणि ताई अजून ओरडते. पण मध्यंतरी तो खेळता खेळता थांबला आणि मला म्हणाला, ‘मावशी, हा मला मुद्दाम हरवतोय. दर वेळी जिंकायच्या आधी एकच लाइफ कमी पडते आणि मग विकत घे म्हणतो. कुणीतरी तशी ओळ लिहिलीय.’ ज्याने स्वतःच्या गेममध्ये ‘चुकलं की बझर’ अशी ओळ लिहिली आहे, त्यालाच दुसऱ्याने लिहिलेली ओळ दिसते. यापुढे आयुष्यभर कुठलं ना कुठलं मशीन या पोरांना काहीतरी विकणार आहे, सुचवणार आहे, नाकारणार आहे. ‘सिस्टिमच तशी आहे’ असं कुणी सांगितलं तर तिने वही काढून चार वेळा तपासावं आणि त्याने विचारावं, ‘कुणी लिहिलंय हे?’ मला तेवढं पुरे आहे.

खरेदीची यादी

हँगर गेम : तारेचा हँगर, नऊ व्होल्टची बॅटरी आणि तिचा क्लिप, डीसी बझर, थोडी वायर, पॉलिश पेपर, बुटांचं खोकं.

सायमन : आर्डुइनो उनो किंवा त्याच डिझाइनचा बोर्ड, यूएसबी केबल, ब्रेडबोर्ड, चार रंगांचे एलईडी (जाळायला दोन जास्त!), २२० ओहमचे चार रेझिस्टर, चार पुश बटणं, एक छोटा बझर, जंपर वायर. सुटे पार्ट घेतले तर आमचा हिशेब हजाराच्या आत बसला. भाव दुकानागणिक बदलतात, दोन ठिकाणी विचाराच.

जपून : सगळं काम बॅटरीवर किंवा यूएसबीवर. भिंतीतल्या २३० व्होल्टच्या प्लगला मुलांचं कुठलंही सर्किट जोडायचं नाही. बॅटरीची दोन टोकं थेट जोडायची नाहीत, गरम होते. बटणासारखे चपटे सेल लहान भावंडांपासून लांब, गिळले तर जिवावर बेततं. सोल्डरिंग मोठ्या मुलांनीच, चष्मा लावून, खिडकी उघडून आणि मोठं माणूस शेजारी असताना.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं. तुमच्याही कपाटात एखादा जुना लॅपटॉप धूळ खात पडलेला असेल. आर्डुइनोचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि त्याला काही फार दणकट मशीन लागत नाही. तुमचा डेटा पुसा, चार्जर शोधा आणि जवळपास नजर टाका. वॉचमनकाकांचा मुलगा, इस्त्रीवाल्यांची मुलगी, तुमच्या घरी कामाला येणाऱ्या मावशींची नात... लॅपटॉप देऊन मोकळे होऊ नका, शनिवारचे दोन तासही द्या. हँगर मात्र घरातलाच वापरा, ड्रायक्लीनिंगवाला जास्तीचा मागितला तर चमत्कारिक बघतो!